लेकरांचे दिवस व घरचे सण

(तरुण आईबापांच्या वर्गाकरिता व कौटुंबिक उपासनेकरिता पाठ)

शास्त्रवाचन : अनुवाद ६:४-९, निर्गम १२:२४-२७, १ शमुवेल २:१८-२०, लूक २:२१-२४ व ३९-५२.

पाठाचे सार : लेकरांस देवाची ओळख प्रथम घरात होते, आणि ती सणाच्या दिवशी जितकी होते, तितकीच रोजच्या साध्या दिवशीही होते.



जे घराणे नव्याने ख्रिस्ताकडे येते त्याच्यापुढे एक अडचण उभी राहते, आणि तिचा विचार आपल्या मंडळ्यांतून फारसा होत नाही. जुन्या घरी वर्ष सणांनी भरलेले होते. पोळ्याला बैल रंगवावयाचे, पंचमीला झोके बांधावयाचे, दिवाळीला अंगण सारवून पणत्या लावावयाच्या. लेकरू दिवस मोजीत असे ते सणांवर. आता तो क्रम सुटला. परंतु त्याच्या ठिकाणी काय आले? पुष्कळ घरी रविवारच्या एका घटकेखेरीज काहीच आले नाही. शेजारच्या घरी गोड वास सुटला म्हणजे लेकरू विचारते, आणि आईबाप उत्तर देतात, “आपल्यात तसे करीत नाहीत.” ते उत्तर खरे असेल, पण दहा वर्षे हेच एक उत्तर ऐकलेल्या मुलास वाटू लागते की, ख्रिस्ती होणे म्हणजे काही गोष्टी न करणे. असा मुलगा मोठा झाल्यावर देवळापासून दूर गेला तर त्यात नवल ते काय? त्याला जे नको ते सांगितले गेले. जे हवे ते दाखविले गेले नाही. यास्तव हा पाठ.

१. लेकराच्या प्रश्नाकरिता सण

निर्गमाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाचा विधी सांगितला आहे. तेथे एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. लेकरे ह्या विधीचा अर्थ विचारतील असे देव आधीच गृहीत धरतो, आणि आईबापांनी काय उत्तर द्यावे तेही सांगून ठेवतो. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देनेतून बारा धोंडे काढून रचिले, तेथेही हेतू हाच. म्हणजे देवाच्या योजनेत सणाला दोन अंगे आहेत : लेकराने पाहावे, हात लावावा, चाखावे असे काही तरी, आणि त्याने विचारले असता सांगावयास तयार असलेले आईबाप. पहिले अंग असून दुसरे नसेल तर सण केवळ खाण्यापिण्याचा होतो. दुसरे असून पहिले नसेल तर लेकरू विचारीतच नाही, आणि आपला उपदेश त्याच्या डोक्यावरून जातो.

आता आपले सण घेऊ.

नाताळ. डिसेंबराच्या २५ तारखेस हा सण रोम शहरी पाळला जात असल्याचा जुना लेख इ. स. ३३६ चा आहे. शास्त्रात तारीख दिलेली नाही; म्हणून तारखेविषयी वाद घालण्यात वेळ दवडू नये. लेकरांस गोठा ठाऊक आहे, गव्हाण ठाऊक आहे, रात्री मेंढरे राखणारा धनगरही ठाऊक आहे. शहरच्या मुलास जे चित्रात पाहावे लागते ते आपल्या मुलाच्या दारात आहे. तर संध्याकाळी कंदील घेऊन त्याला गोठ्यात न्यावे, गव्हाणीवर हात ठेवू द्यावा, आणि तेथेच लूकाच्या दुसऱ्या अध्यायातील गोष्ट सांगावी. करंज्या व लाडू केले असतील तर पहिले ताट शेजाऱ्यांकडे जावे, आणि ते लेकराच्या हातून जावे. शेजारी दिवाळीचा फराळ प्रेमाने पाठवितो. त्याच्या सणाची आपल्या मुलांनी थट्टा करू नये, आणि आपल्या सणाच्या आनंदात त्याला परके ठेवू नये.

उत्तम शुक्रवार व पुनरुत्थानदिन. हा सण दर वर्षी फिरतो. वसंतातील २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेमागून येणारा रविवार तो पुनरुत्थानाचा. म्हणून तो २२ मार्चच्या आधी व २५ एप्रिलच्या नंतर कधी येत नाही. सन २०२६ मध्ये तो ५ एप्रिल रोजी, व २०२७ मध्ये २८ मार्च रोजी. लहानांस वधस्तंभाच्या यातनांचे वर्णन करून भिववू नये. शुक्रवारी घर शांत ठेवावे, जेवण साधे करावे, व इतकेच सांगावे की प्रभूने आपल्यावर प्रेम केले म्हणून हे सोसले. मग रविवारी पहाटे, अंधार असतानाच, लेकरांस उठवून उगवतीकडे तोंड करून उभे करावे. त्या बाया पहाटे कबरेकडे गेल्या होत्या. आणि सूर्य वर येताना पाहणे हे लेकरू विसरत नाही.

हंगामाचे उपकारस्मरण. देवळात धान्य आणावयाचे असते, तेव्हा पायली बापाने नेली तरी एक ओंजळ लेकराने आपल्या हाताने वाहावी. घरी कोंबडी असेल तर एक अंडे त्याच्या नावाने राखून ठेवावे. देणे हे ऐकून येत नाही, ते हाताला शिकवावे लागते.

२. जे सणाच्या दिवशी घरी नसतात

अहिल्यानगर, बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस निघतात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्यांत आपलेही बंधू आहेत. नवराबायको मिळून एक कोयता; मुकादमाकडून उचल घेतलेली; राहावयास पाचटाची कोपी; आणि नाताळ ऐन हंगामात. अशी एखादी तरुण माता म्हणते, “आमचा नाताळ फडातच जातो, मग सण कसला?” तिला आम्ही सांगतो की, प्रभूचा जन्मही घराबाहेर, प्रवासात, दुसऱ्याच्या जागेत झाला. कोपीच्या तोंडाशी एक दिवा, तव्यावर गूळ घालून केलेली एक पोळी, बापाने सांगितलेली गोष्ट, आणि सर्वांनी मिळून केलेली प्रार्थना, एवढ्याने सण पुरा होतो. उपदेशकांनीही असे समजू नये की, गावातून गाड्या गेल्या म्हणजे आपले काम संपले. कोणते कुटुंब कोणत्या कारखान्यावर गेले हे वहीत टिपून ठेवावे, त्या बाजूच्या पाळकांस कळवावे, व शक्य असल्यास नाताळाच्या आठवड्यात स्वतः जाऊन यावे.

३. वाढीचे टप्पे

इसहाकाचे दूध तुटले त्या दिवशी अब्राहामाने मोठी मेजवानी केली (उत्पत्ती २१:८). हन्ना दर वर्षी शमुवेलाकरिता लहानसा झगा करून नेत असे. प्रत्येक वर्षी माप वाढलेले असणार, आणि ते माप तिने मनातच घेतलेले असणार. खुद्द प्रभूविषयी लूक सांगतो की तो वाढत गेला. लेकराचे वाढणे ही पवित्र गोष्ट आहे, म्हणून तिचे दिवस पाळावे.

नाव ठेवणे. प्रभूचे नाव आठव्या दिवशी ठेविले. आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी करितात. दिवसाचे महत्त्व नाही, प्रार्थनेचे आहे. परंतु येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, किंवा काहीच नाही, ही रीत कित्येक ख्रिस्ती घरांतही टिकून आहे. ज्याने दोघांस आपल्या प्रतिरूपाचे केले त्याच्या घरात दोन मापे कशी चालतील? मुलीच्या जन्माची घोषणा देवळात तितक्याच मोठ्या आवाजाने व्हावी.

जन्माची नोंद. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. त्याप्रमाणे जन्म २१ दिवसांच्या आत कळवावयाचा असतो. पूर्वी गुरुजींनी अंदाजे तारीख घातल्यामुळे आपल्या गावांतून १ जून रोजी जन्मलेले पुष्कळ लोक आढळतात! आता तसे चालणार नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार, त्या तारखेस व त्यानंतर जन्मलेल्या लेकराच्या जन्मदिवसाचा व जन्मस्थानाचा आधार त्याचा जन्मदाखला हाच आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील नाव मोलाचे आहे. पण ते दाखल्याच्या जागी चालत नाही. दोन्ही करावे.

टोचणे. जन्मताच, मग सहा, दहा व चौदा आठवड्यांनी, मग नवव्या महिन्यानंतर, पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास, व पाचव्या वर्षानंतर लेकरास लस द्यावयाची असते. सरकारी आरोग्यकेंद्रात ती फुकट मिळते, आणि ज्या गावी कुटुंब असेल त्या गावी मिळते. म्हणून तोडणीस जाताना आरोग्याचे कार्ड शास्त्राच्या पुस्तकात ठेवून बरोबर न्यावे. देवावर भरवसा ठेवणाऱ्याने लस टाळावी असे कोणी म्हणेल तर ते ऐकू नये. औषध हेही देवाचेच दान आहे.

उष्टावण. सहा महिने केवळ आईचे दूध. नंतर मऊ भात, वरण, नाचणीची पेज. पहिला घास देताना सर्व घराने मिळून उपकार मानावे. लेकरू समजत नाही हे खरे. परंतु मोठी भावंडे पाहत असतात.

पहिले पाऊल, पहिला दात, पहिली प्रार्थना. मुलाची पहिली प्रार्थना दोन शब्दांची असली तरी तिला हसू नये व ती सुधारू नये.

शाळेचा पहिला दिवस. त्या सकाळी बापाने लेकराच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यावा व स्वतः पोचवावयास जावे. सहा ते चौदा वर्षांपर्यंत शिक्षण हा प्रत्येक मुलाचा हक्क २००९ च्या कायद्याने ठरला आहे. आईबाप फडावर जात असतील तर मुलास आजीजवळ ठेवता येईल काय, किंवा हंगामी वसतिगृहाची सोय आहे काय, हे निघण्यापूर्वी गुरुजींस विचारावे.

४. रोजचा दिवस

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात चार वेळा सांगितल्या आहेत : घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना. त्यांत एकही वेळ देवळातील नाही, आणि एकीलाही पैसा लागत नाही. दळण नेताना, गुरे पाण्यावर नेताना, चुलीपाशी भाकरीची वाट पाहताना जे बोलणे होते त्यातून लेकराचे मन घडते.

इंग्लंडात एप्वर्थ येथे सुसाना वेस्ली नावाची एका पाळकाची पत्नी होती. तिला एकोणीस लेकरे झाली. त्यांतील पुष्कळ बाळपणीच गेली. घर गरीब, काम अपार. तरी १७१२ सालच्या पत्रात ती लिहिते की, दर रात्री एका लेकराशी एकांती बोलण्याचा तिने नेम केला होता. गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा. चार्ल्स तेव्हा केवळ चार वर्षांचा होता. पुढे ह्या दोघा भावांनी काय केले ते जगाला ठाऊक आहे. आपल्या घरी दोन किंवा तीन लेकरे असतील; तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून दोन रात्री सहज येतील. ह्या काळी एक नवा अडथळा आला आहे : निजताना लेकराच्या हाती मोबाईल देऊन आईबाप मोकळे होतात. निजण्याची वेळ ही शास्त्राने सांगितलेल्या चार वेळांपैकी एक आहे; ती दुसऱ्यास देऊन टाकू नये.

५. कर्ज काढून सण करू नये

आता शेवटची व कठीण गोष्ट. बाप्तिस्म्याच्या जेवणाकरिता, पहिल्या वाढदिवसाच्या मांडवाकरिता, नाताळाच्या कपड्यांकरिता कित्येक तरुण बंधू कर्ज काढितात, किंवा मुकादमाकडून जास्त उचल घेतात. जेवण एका दिवसात संपते. उचल फेडावयास पुढचा हंगाम जातो, आणि ज्या लेकराच्या नावाने ते जेवण झाले त्याचीच शाळा सुटते. लोक काय म्हणतील ही भीती त्याच्या मुळाशी असते.

लेवीयाच्या बाराव्या अध्यायात, जिला कोकरू आणण्याची ऐपत नाही तिने पक्ष्यांची जोडी आणावी असे सांगितले आहे. योसेफ व मरीया यांनी बाळ येशूला मंदिरात नेले तेव्हा त्यांनी पक्ष्यांचेच अर्पण केले. त्यांनी कोकराकरिता कोणाकडे हात पसरला नाही. आणि त्या अर्पणाने देव अप्रसन्न झाला नाही. ज्या मंडळीत गरिबाचे साधे बारसे पाहून नाके मुरडली जातात, ती मंडळी त्याला सावकाराच्या दारी ढकलते. हा दोष एकट्या त्याचा नव्हे. वडील मंडळींनी आपल्या घरचे कार्य साधे करून दाखवावे, म्हणजे तरुणांस धीर येईल.

उपदेशकांस सूचना

हा पाठ एका बैठकीत संपवू नये. दोन रविवार घ्यावे. आईबाप दोघेही येतील अशी वेळ ठेवावी, कारण हे काम एकट्या आईचे आहे असा समज फार पसरला आहे. वर्गात प्रत्येक घराकडून एक लहान वही करून घ्यावी. तीत लेकराचे नाव, जन्मदिवस, दाखल्याचा क्रमांक, लशींच्या तारखा, बाप्तिस्म्याचा दिवस, व त्याने केलेली पहिली प्रार्थना लिहावी. ज्यांस लिहिता येत नाही त्यांची वही उपदेशकाने लिहावी.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. वल्हांडणाच्या विधीत लेकरांच्या प्रश्नाला जागा का ठेविली आहे?
२. आपल्या घरी लेकरू ज्याविषयी प्रश्न विचारील असे काय आहे?
३. अनुवादात सांगितलेल्या चार वेळांपैकी कोणती वेळ आपल्या घरी रिकामी जाते?
४. योसेफ व मरीया यांच्या अर्पणापासून सणाच्या खर्चाविषयी काय शिकावे?
५. आपल्या मंडळीतील कोणती कुटुंबे येत्या नाताळात घरी नसतील? त्यांच्याकडे कोण जाईल?

ह्या आठवड्याचे काम : प्रत्येक आईबापाने एका रात्री एका लेकराजवळ बसून, त्याच्या जन्माच्या दिवसाची गोष्ट त्याला सांगावी, आणि त्याच्यादेखत त्याच्याबद्दल देवाचे उपकार मानावे.