ध्रुवाचा नेमका पत्ता

निरभ्र रात्री कोनमापकाला ओळंबा बांधून ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजा. नगरला (आताच्या अहिल्यानगरला) ती सुमारे 19 अंश भरेल. नगरचा अक्षांशही सुमारे 19 अंशच आहे. हा योगायोग नव्हे. कोणत्याही गावी खगोलीय ध्रुवाची उंची तेथील अक्षांशाइतकीच असते.

मात्र ध्रुवतारा म्हणजे ध्रुव नव्हे. तो ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे आणि रोज त्याच्याभोवती फिरतो. त्या वर्तुळाच्या व्यासात अडीच चंद्रबिंबे मावतील! अढळपदाची कथा तूर्त बाजूला ठेवू.

मग खरा ध्रुव कोठे? पृथ्वीचा अक्ष वाढवला असता आकाशात ज्या बिंदूला भिडेल तेथे. पण तो बिंदूही स्थिर नाही. कलत्या भोवऱ्याप्रमाणे अक्ष सुमारे 26,000 वर्षांत एक फेरी घेतो, हे परांचन. त्यात 18.6 वर्षांची बारीक डुलकी मिसळते, ते अक्षांदोलन. म्हणूनच ताऱ्यांच्या यादीवर साल छापतात. 2000 सालच्या ध्रुवावरून दिलेले स्थान आज तसेच वापरले, तर 20 कलांइतकी चूक होऊ शकते. आपल्या जिल्ह्याशेजारी, जुन्नर तालुक्यातील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या रोखण्यापूर्वी ही दुरुस्ती करावीच लागते.

गंमत पुढेच आहे. अक्ष जमिनीतून जेथे बाहेर येतो ती जागाही सरकते! अमेरिकेतील चँडलर यांनी 1891 मध्ये सुमारे 14 महिन्यांचे हे भ्रमण दाखवले. ते काही मीटरांचेच असते. पण ध्रुव तीन मीटर आपल्याकडे सरकला, की नगरचा अक्षांश 0.1 विकलेने वाढतो.

आता अडचण अशी, की वेधांतून पृथ्वी आकाशात कशी वळली एवढेच कळते. त्यातले किती अक्षाच्या आकाशातील हालचालीचे आणि किती जमिनीवरच्या भ्रमणाचे? निसर्गाने अशी वाटणी करून दिलेली नाही. ती माणसाने ठरवायची! आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने 2000 साली नियम केला: आकाशातून पाहता दोन दिवसांहून अधिक आवर्तकालाच्या हालचाली परांचन-अक्षांदोलनाच्या खात्यात, उरलेल्या ध्रुवभ्रमणाच्या. या वाटणीने मिळणारा मधला ध्रुव 2003 पासून प्रमाण आहे.

दूरच्या क्वेसारांचे वेध घेऊन त्याची जागा सेंटिमीटरहूनही बारीक मोजता येते. वारे आणि सागरी पाणी त्याला सतत ढकलत असल्याने नुसत्या सूत्रावर भागत नाही. मोजणी चालूच ठेवावी लागते.