शहरातील नोकरी आणि पहिल्या पगारापर्यंतचा हिशेब

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. तेव्हापासून कोकणातील आणि घाटावरील खेड्यांतून माणसे पोटापाण्यासाठी या शहराकडे येत राहिली. नवा माणूस येई तो बहुधा गावकऱ्यांच्या खोलीवर. चाळीतील एका खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा जण राहत आणि पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत. भाडे सर्वांत वाटले जाई. जेवण खानावळीत होई आणि खानावळीचे पैसे पगार झाल्यावर चुकते केले जात. नवा मनुष्य कामाला लागेपर्यंत खोली त्याला सांभाळून घेई आणि पगार होईपर्यंत खानावळ त्याला जेवू घाली. त्याचा पहिला महिना अशा रीतीने दुसरे कोणी तरी उचलत असे.

हा भार काही फुकटचा नव्हता. जेवण उधारीवर देणाऱ्या खानावळवाल्या स्त्रिया स्वतः वाण्याकडून उधारीने धान्य घेत आणि सावकाराचे भारी व्याज सोशीत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली गिरणगावातील अशा स्त्रियांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले व त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. त्यामागे हीच अडचण होती. कामगाराचा पहिला महिना आणि खानावळवालीचे कर्ज या एकाच हिशेबाच्या दोन बाजू होत्या.

जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव ओसरत गेले आणि ही व्यवस्थाही विरत गेली. आज खेड्यातील तरुण भिवंडीच्या गोदामात, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यात किंवा पुण्याजवळ चाकणला कामाला लागतो. त्याला खोली अनामत रक्कम दिल्यावाचून मिळत नाही व खानावळ बहुधा पैसे आगाऊ मागते. पूर्वी गावकीने उचललेला महिना आता त्याचा त्यालाच उचलावा लागतो. मात्र घरातून निघताना याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. पगार किती, एवढीच चौकशी होते.

नेमणुकीचा आकडा आणि हातातील रक्कम

प्रथम पगाराचाच आकडा तपासला पाहिजे. समजा, माण तालुक्यातील एका तरुणाला ठाणे-बेलापूर पट्ट्यात दरमहा १८,००० रुपयांची नोकरी मिळाली. त्यातील मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये आहेत. त्यावर १२ टक्के दराने भविष्य निर्वाह निधीचे १,४४० रुपये कापले जातील. एकूण वेतन २१,००० रुपयांच्या मर्यादेत असल्याने कर्मचारी राज्य विमा योजनेची पाऊण टक्का वर्गणी, म्हणजे १३५ रुपये, द्यावी लागेल. व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हाती पडतील ते १६,२२५ रुपये. (स्त्री कर्मचाऱ्यांना २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक वेतनावर व्यवसाय कर माफ आहे.) कपात झालेले पैसे बुडीत नव्हेत. निधी त्याच्याच नावे साठतो आणि विम्यामुळे आजारपणात उपचार मिळतात. परंतु त्यांतून खोलीचे भाडे भागत नाही, म्हणून अंदाजपत्रक १६,२२५ रुपयांवरूनच सुरू झाले पाहिजे.

खर्चाचे आकडे स्थळानुसार पालटतील. येथे ते केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. डोंबिवलीकडे चौघांनी मिळून घेतलेल्या ८,००० रुपयांच्या खोलीत प्रत्येकाचा वाटा २,०००. वीज-पाणी ३००, खानावळ ३,५००, सकाळचा नाश्ता व चहा १,२००, प्रवास १,२००, मोबाइल ३००, साबण, धुलाई, केशकर्तन इत्यादी ५००, औषधपाणी ३००. यांत आणखी एक बाब धरली पाहिजे आणि हटकून ती राहून जाते. गणपती, शिमगा, गावची जत्रा, घरातील लग्न यांसाठी वर्षातून चार-पाच वेळा गावी जाणे होतेच. त्याचे वर्षाला ७,२०० रुपये धरले, तर महिन्याला ६०० बाजूला पडले पाहिजेत. एकूण ९,९०० रुपये. शिल्लक ६,३२५. त्यांतील ४,५०० घरी पाठविले, तर १,८२५ रुपये गाठीला राहतात.

कागदावर हे अंदाजपत्रक सुखाचे दिसते. ते चालू महिन्याचे आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

१० जून ते ७ ऑगस्ट

हा तरुण १० जूनला रुजू झाला असे धरू. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत देण्याचा कायद्याचा दंडक आहे. म्हणजे ७ जुलैला त्याच्या हाती २१ दिवसांचे सुमारे ११,३०० रुपये पडतील आणि पहिला पूर्ण पगार मिळेल तो ७ ऑगस्टला. दरम्यान जूनमध्येच पुढील खर्च उभे राहतात : अनामत रकमेतील वाटा १०,०००, एका महिन्याचे भाडे आगाऊ २,०००, दलाली २,०००, करार व नोंदणीतील वाटा ५००, अंथरूण, बादली, भांडी २,०००, गावाहून येण्याचा खर्च ५००, महिन्याचे जेवण व नाश्ता ४,७००, प्रवास १,२०० आणि वीज, मोबाइल, औषध व किरकोळ मिळून १,४००. ही बेरीज २४,३०० रुपये होते. हाती येणाऱ्या दीड महिन्याच्या पगाराएवढी ही रक्कम पहिला रुपया मिळण्याआधी लागते.

७ जुलैच्या ११,३०० रुपयांतून जुलैचा ९,९०० रुपयांचा खर्च वजा केला, तर उरतात १,४००. त्या महिन्यात घरी पाठवण्याजोगे काही राहत नाही. इकडे घरी मात्र मुलगा नोकरीला लागला म्हणून जुलैपासूनच पैशांची वाट पाहिली जाते. बी-बियाणे, खत, धाकट्या भावंडांची शाळा, सगळे त्याच सुमारास येते. मुलाला नाही म्हणवत नाही. तो सोबत्याकडून किंवा मोबाइलवरून झटपट मिळणारे कर्ज काढून पैसे पाठवितो, आणि घरच्यांना ते पगारातून आले असे वाटते. नोकरीचे पहिले वर्ष येथून बिघडू लागते.

या २४,३०० रुपयांची सोय कोठून होते, त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. शेकडा ५ रुपये दरमहा व्याजाने रक्कम उचलली, तर नुसते व्याज महिन्याला १,२१५ रुपये होते. १,८२५ रुपयांच्या शिलकीचा दोनतृतीयांश भाग त्यात जातो आणि मुद्दल जागच्या जागी राहते. तीच रक्कम आईच्या बचत गटातून शेकडा २ रुपये दराने मिळाली, तर पहिल्या महिन्याचे व्याज ४८६ होते व उरलेल्या पैशांतून मुद्दलही फिटू लागते. गटाच्या बैठकीत लग्न, औषधोपचार, शेळी-म्हैस यांसाठी कर्जे मंजूर होतात. मुलाच्या वा मुलीच्या नोकरीच्या पहिल्या महिन्यासाठी कर्ज मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. अनामत रक्कम पुढे परत मिळणारी असते, हेही गटाला सांगता येते.

खोली आणि प्रवास

भाडे आणि प्रवास हे दोन खर्च वेगवेगळे मांडण्याची रीत आहे. ती फसवी आहे. उपनगरी रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास स्वस्त असतो, आणि त्यामुळे लांबची खोलीही स्वस्त वाटते. खरा खर्च स्थानकाच्या अलीकडे-पलीकडे होतो. शेअर रिक्षाला एका फेरीस १८ रुपये धरले, तरी जाता-येता २६ दिवसांचे ९३६ रुपये झाले. पासाची रक्कम त्याहून कितीतरी कमी भरते. कारखान्याजवळच्या खोलीत वाटा ३,५०० रुपये पडत असेल आणि कामावर पायी जाता येत असेल, तर लांबच्या खोलीचे २,००० व प्रवासाचे १,२०० मिळून होणाऱ्या ३,२०० रुपयांशी तिची तुलना केली पाहिजे. फरक अवघा ३०० रुपयांचा. त्या ३०० रुपयांसाठी रोज अडीच तास, म्हणजे महिन्याला ६५ तास, गर्दीत जातात. जवळच्या खोलीची अनामत मात्र जास्त असते. म्हणून पहिली सहा महिने लांब राहून, अनामत जमल्यावर जवळ येणे पुष्कळांना सोयीचे पडते. मुलींच्या बाबतीत रात्रपाळीनंतरचा रस्ता हीही बाब असते. तेथे स्वस्त खोलीचा मोह टाळून नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहाची चौकशी आधी करावी.

शिधापत्रिका गावी असली, तरी तिच्यावरील आपल्या वाट्याचे धान्य शहरातील रास्त भाव दुकानातून आधारच्या पडताळणीने घेता येते. स्वतः रांधून खाणाऱ्या चौघांना याचा उपयोग आहे. खानावळीत जेवणाऱ्याने आपला वाटा घरीच राहू द्यावा.

कराराचा कागद

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा अथवा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार नोंदलेला नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाड्याने राहणाराचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मुदत अकरा महिन्यांची आहे म्हणून नोंदणी नको, असे दलाल सांगतात. ते खरे नाही. चौघांपैकी एकाच्याच नावे करार झाला, तर इतर तिघांनी दिलेल्या अनामतीची पावती निदान आपसांत लिहून ठेवावी. एक जण नोकरी सोडून गावी गेला की पहिला वाद याच पैशांवरून निघतो.

ग्रामपंचायत सदस्यांना आणि शिक्षकांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे, व त्यास निधी लागत नाही. शाळेतून बाहेर पडलेला मुलगा दाखल्यावर सही घेण्यास येतो, तेव्हा वरील बेरीज त्याच्याकडून व त्याच्या वडिलांसमक्ष करून घेता येते. आकडे त्याच शहरात राहणाऱ्या गावच्या दोघा-तिघांना दूरध्वनी करून विचारावेत. घरी पहिले पैसे ऑगस्टमध्ये येतील, जुलैत नव्हे, हे वडिलांच्या कानावर तेथेच घालावे. दहा महिन्यांनी हाच कागद पुन्हा काढावा लागतो. अकरा महिन्यांची मुदत संपताना भाडे वाढते, किंवा खोली बदलावी लागते, आणि जुनी अनामत हाती येण्यापूर्वी नवी भरावी लागते. दरमहाच्या १,८२५ रुपयांतून दहा महिन्यांत १८,२५० रुपये साठतात. कर्ज नसेल, तर नव्या खोलीच्या अनामतीतील वाटा त्यांतून सहज निघतो.