झडीच्या गावातले निवडुंग

येळ्ळूरच्या शिवारात पाणी शेतात ठरावं म्हणून बांध घालतात आणि मी गच्चीवर तेच पाणी ठरू नये म्हणून धडपडतो. बेळगाव भागात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. बासमतीला तो मानवतो. मेक्सिकोतल्या चिवावा वाळवंटाच्या चुनखडी टेकड्यांवर वाढणाऱ्या एरिओकार्पसला मात्र तो जीवघेणा ठरतो. हा निवडुंग बिनकाट्यांचा, अर्धा जमिनीत गाडलेला, रंगाने करडा. गच्चीवर वाळवण घालायला आलेल्या शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "काय वो, धोंड्यास्नी पाणी घालायलाय?" खरं तर पाणी घालायचे दिवस वर्षात थोडेच असतात.

वळवाच्या एका सरीने निवडुंग मरत नाही. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडतं, कुंडी सुकते आणि झाड उलट टवटवीत दिसतं. मारते ती झड. आठ-आठ दिवस राजहंसगड ढगात असतो, वाऱ्याबरोबर पाऊस तिरपा आत येतो आणि कुंडीत थेंब न घालताही खालची ओल हटत नाही. मुळांना हवा मिळेनाशी झाली की बुरशी शिरते. वरून झाड ठणठणीत असतं. बोटाने दाबल्यावर बुड मऊ लागतं, तेव्हा उशीर झालेला असतो. कापून पाहिलं तर मधल्या कण्याभोवती तांबूस-नारिंगी कडं दिसतं. हे बहुधा फ्युजेरियम बुरशीचं काम. दर कापाला सुरी स्पिरिटने पुसत, तो रंग पूर्ण जाईपर्यंत चकत्या काढायच्या. इतर निवडुंग अशा कापणीतून कधीकधी वाचतात. एरिओकार्पसला नवी मुळं फुटणं इतकं अवघड, की ही शस्त्रक्रिया बहुधा शवविच्छेदनच ठरते.

म्हणून आधी छप्पर, मग झाड. प्लास्टिकचा जाड कागद वर ताणा, पण चारही बाजू बंद करू नका. आत कोंडलेली दमट हवा पावसाइतकीच वाईट. पाऊस ज्या बाजूने येतो तेवढीच बाजू झाका आणि कुंड्या कडेपासून आत ठेवा. मे संपला की पाणी बंद, ते थेट नवरात्रात सुरू. ढगाळ दिवसांना सरावलेलं झाड ऑक्टोबरच्या उन्हात एकदम बाहेर काढलं तर भाजतं, आणि तो डाग कायमचा राहतो. आधी काही दिवस हिरव्या जाळीखाली ठेवा. कुंडीत जांभ्याचा मुरूम, विटांचे तुकडे, जाड वाळू आणि नावापुरतं पालाखत. चाळणीवर उरेल ते घ्यायचं, खाली पडेल ते टाकायचं. कोकोपीट आणि शेणखत जास्वंदीला घाला.

पावसाने जितकी माणसं या छंदातून उठवली नसतील, तितकी खरेदीने उठवली असतील. एरिओकार्पसला बियांपासून फुलापर्यंत यायला आठ-दहा वर्षं सहज लागतात. मग कुणी तळहाताएवढं झाड स्वस्तात देऊ केलं, तर त्यातली वर्षं कुठून आली, हे विचारायलाच हवं. उत्तरं दोनच. एक म्हणजे कलम. ड्रॅगन फ्रूटच्या खोडावर बांधलं की रोप झपाट्याने फुगतं. विक्रेत्याने सांगून विकलं तर त्यात गैर काही नाही. खोड मातीत लपवून विकतात तो प्रकार वाईट. दुसरं उत्तर म्हणजे डोंगर.

मला कुरिअरने आलेलं झाड "पंधरा वर्षांचं, घरचं" होतं. खोक्यातून काढलं तर गाजरासारखं सोटमूळ आडवं तोडलेलं, बुडाशी बुचासारखी जून साल, एका बाजूला जनावराने कुरतडल्याच्या जुन्या खुणा. कुंडीत वाढलेलं झाड सगळीकडून सारखं, स्वच्छ असतं. माझ्याकडचं झाड मेक्सिकोहून आलं हे मी सिद्ध करू शकत नाही, पण कुठल्या गच्चीवर वाढलं नव्हतं एवढं नक्की. त्याने मूळ धरलं नाही आणि पहिल्याच झडीत ते गेलं. विक्रेत्याने फोन उचलणं त्याआधीच थांबवलं होतं.

हा व्यापार जगभर चालतो. २०२० मध्ये इटलीत एका संग्राहकाकडे चिलीच्या अटाकामा वाळवंटातून आणलेले हजाराहून अधिक निवडुंग सापडले. वाचलेल्यांपैकी आठशेहून अधिक पुढच्या वर्षी चिलीला परत पाठवावे लागले. एरिओकार्पस, डिस्कोकॅक्टस आणि अॅस्ट्रोफायटम अॅस्टेरियास हे निवडुंग रानटी जातींच्या व्यापाराविषयीच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे रानातून काढलेल्या झाडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही साइट्समधल्या जातींसाठी स्वतंत्र अनुसूची आली. बाहेरून झाड मागवायचं तर आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्रही लागतं. "काही होत नाही हो" म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका. मेक्सिको लांब वाटत असेल तर शिवनेरीच्या कड्यांवरची शिंदळ माकुडी आठवा. फक्त सह्याद्रीत वाढणारी, निवडुंग नसली तरी तशीच मांसल, आणि संग्राहकांचा डोळा असलेली.

मी आता फक्त बिया आणि पेरल्याची तारीख लिहिलेली लहान रोपं घेतो. शिमग्याच्या सुमारास उकळत्या पाण्याने निर्जंतुक केलेल्या रेतीत पेरायचं आणि भांडं पारदर्शक पिशवीत बंद करायचं. पंधरवड्यात हिरवे ठिपके दिसतात. पिशवीतल्या रोपांना बाहेरच्या झडीचा पत्ताही लागत नाही, त्यामुळे पहिला पावसाळा सर्वांत सोपा जातो. पुढे वर्षभर वाढ दिसणार नाही. पाणी वाढवू नका.

एकच रोप ठेवू नका. एरिओकार्पसचं स्वतःच्या परागाने सहसा बी धरत नाही. दसरा-दिवाळीत फुलं येतात, तेव्हा बेळगावात कुणाकडे दुसरं झाड असेल तर मऊ कुंचल्याने पराग आणा. फळ शेंड्याच्या लोकरीत दडून सुकतं. त्यातलं बी वळीव पडायच्या आत चिमट्याने काढून घ्या, नाहीतर मुंग्या नेतात.