धावफलकामागील संख्याशास्त्र

१९७१ सालच्या प्रारंभी अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय क्रिकेट संघ वेस्ट इंडीजमध्ये गेला, तेव्हा मुंबईच्या सुनील गावसकर या एकवीस वर्षांच्या सलामीच्या फलंदाजाने आपल्या पहिल्याच मालिकेतील चार कसोटी सामन्यांत ७७४ धावा काढल्या. आठ डावांपैकी तीन डावांत ते नाबाद राहिल्याने त्यांची सरासरी १५४.८० इतकी भरली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात संघ इंग्लंडला गेला. तेथील तीन कसोटी सामन्यांच्या सहा डावांत गावसकर यांच्या धावा झाल्या अवघ्या १४४, म्हणजे सरासरी २४. गंमत अशी की, ही मालिकाही भारताने जिंकली.

काही महिन्यांच्या अंतराने एकाच खेळाडूच्या कामगिरीत पडलेला हा फरक पाहून कोणीही कारणे शोधू लागेल. इंग्लंडची दमट हवा, वळणारा चेंडू, कीर्तीचे ओझे, दौऱ्यांचा शीण. यांपैकी काही कारणे खरीही असतील. परंतु कारणे शोधण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारणे आवश्यक असते : एवढा फरक केवळ योगायोगाने किती वेळा पडू शकतो? संख्याशास्त्राचे काम या प्रश्नापासून सुरू होते. गावसकर यांची कसोटी कारकीर्द १९८७ साली संपली, तेव्हा १२५ सामन्यांतील २१४ डावांत त्यांच्या नावावर १०,१२२ धावा होत्या आणि सरासरी होती ५१.१२. पहिल्या मालिकेतील १५४ आणि दुसऱ्या मालिकेतील २४ हे दोन्ही आकडे या दीर्घकालीन आकड्यापासून दूर होते. वेस्ट इंडीजमधील पराक्रम ही केवळ दैवाची देणगी होती, असे कोणी म्हणणार नाही. मात्र दर मालिकेत तीच सरासरी राहील अशी अपेक्षा करणे हे गणिताला धरून नव्हते.

सरासरीच्या पोटात काय असते?

सरासरी ५० असलेला फलंदाज साधारणपणे ५० च्या आसपास बाद होत असावा, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तसे घडत नाही. १९४५ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात एल्डरटन आणि वुड या दोन अभ्यासकांनी क्रिकेटमधील धावसंख्यांविषयी लेख लिहिले. वुड यांनी तपासलेली कल्पना सोपी आहे. फलंदाज शून्यावर असो वा नव्वदीत, पुढील धाव काढण्यापूर्वी तो बाद होण्याची संभाव्यता प्रत्येक टप्प्यावर सारखीच आहे, असे क्षणभर मानावे. मग त्याच्या धावसंख्या भूमितीय श्रेढीने कमी कमी होत जातात : लहान डाव पुष्कळ आणि मोठे डाव थोडे. या हिशेबाने सरासरी ५० असणारा उत्तम फलंदाजसुद्धा शंभर डावांपैकी सुमारे १८ डावांत दहा धावांच्या आत बाद होईल, सुमारे ६३ डावांत स्वतःच्या सरासरीपर्यंत पोहोचणार नाही आणि सुमारे १४ डावांत शतक काढील. म्हणजे लागोपाठ दोन डावांत अपयश आले म्हणून त्याचा खेळ ओसरला असे म्हणणाऱ्या टीकाकाराला या गणितात फारसा आधार नाही.

ही कल्पना ऑस्ट्रेलियाचे डोनाल्ड ब्रॅडमन यांच्या आकड्यांवर घासून पाहणे उद्‌बोधक ठरते. ८० डाव, १० वेळा नाबाद, ६,९९६ धावा, सरासरी ९९.९४. या सरासरीवरून हिशेब केल्यास ८० डावांत २९ ते ३० शतके अपेक्षित होतात. ब्रॅडमन यांची प्रत्यक्ष शतके २९ आहेत! परंतु त्याच हिशेबाने भोपळाही न फोडता बाद होण्याचा प्रसंग त्यांच्यावर संपूर्ण कारकीर्दीत एखादवेळीच यावयास हवा होता. प्रत्यक्षात ते सात वेळा शून्यावर बाद झाले. गणिताचे अनुमान एका टोकाला बिनचूक आणि दुसऱ्या टोकाला सपशेल चुकलेले, आणि चुकले तेथेच त्याने अधिक शिकविले. जम बसेपर्यंत थोर फलंदाजही इतरांसारखाच असुरक्षित असतो. बाद होण्याची संभाव्यता आरंभी जास्त असते आणि नजर बसल्यावर ती घटते. क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला हे अनुभवाने ठाऊक असते. आकड्यांनी ते किती प्रमाणात खरे आहे, ते दाखविले.

ब्रॅडमन यांचा शेवटचा डाव सर्वश्रुत आहे. १४ ऑगस्ट १९४८ रोजी ओव्हल मैदानावर ते खेळावयास आले, तेव्हा चार धावा झाल्या असत्या तरी सरासरी पूर्ण शंभर झाली असती. होलीज यांच्या दुसऱ्याच चेंडूवर त्यांचा त्रिफळा उडाला. त्या चार धावांची हळहळ क्रिकेटप्रेमी आजही व्यक्त करतात. संख्याशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती अनाठायी आहे. ७० वेळा बाद झालेल्या फलंदाजाच्या शंभराच्या सरासरीत वर किंवा खाली सुमारे बाराची अनिश्चितता गृहीत धरावीच लागते, तेथे ०.०६ चा फरक कौशल्याविषयी काहीच सांगत नाही.

ही अनिश्चितता निरीक्षणांच्या संख्येवर अवलंबून असते आणि ती त्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. निरीक्षणे चौपट केली, तर अनिश्चितता निम्मी होते. विजय मर्चंट यांना १९३३ ते १९५१ या काळात अवघे १० कसोटी सामने मिळाले. त्यांतील १८ डावांची त्यांची सरासरी ४७.७२ आहे. प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील २३४ डावांची सरासरी मात्र ७१ च्या वर आहे. प्रतिस्पर्धी वेगळे होते हे खरे. तरीही केवळ १८ डावांच्या आकड्यावर मर्चंट यांची योग्यता ठरविणे अन्यायाचे होईल.

रागावण्याचा गुण

असामान्य कामगिरीनंतरची कामगिरी बहुधा सामान्याकडे झुकते. फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात आईवडील व मुले यांच्या उंचीचा अभ्यास करताना हे पाहिले. खेळात त्याचा परिणाम विलक्षण होतो. इस्रायलमधील वैमानिकांच्या प्रशिक्षकांचे एक निरीक्षण ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली नमूद केले आहे. उत्तम रीतीने विमान उतरविणाऱ्या शिकाऊ वैमानिकाची स्तुती केली की पुढच्या वेळी तो बिघडतो आणि वाईट उतरविणाऱ्याला फैलावर घेतले की तो सुधारतो. म्हणून स्तुती घातक व दटावणी गुणकारी, असा प्रशिक्षकांचा निष्कर्ष होता. तो चुकीचा होता. फार चांगल्या प्रयत्नानंतर थोडा कमी चांगला आणि फार वाईट प्रयत्नानंतर थोडा बरा प्रयत्न काहीही न बोलतासुद्धा झालाच असता. ज्या क्रीडाशिक्षकाने मुलांना रागावण्याचा गुण स्वानुभवाने सिद्ध झाल्याचे मानले आहे, त्याने हे उदाहरण अवश्य ध्यानात घ्यावे. ज्या मुलांनी ती बोलणी खाल्ली, त्यांच्यापैकी कित्येकांनी मैदान सोडले असेल, त्याचा हिशेब कोणत्याही धावफलकावर नसतो.

येथे संख्याशास्त्रज्ञांनाही सावध राहावे लागते. बास्केटबॉलमध्ये लागोपाठ गोल करणाऱ्याचा 'हात गरम' असतो, हा समज १९८५ साली एका गाजलेल्या अभ्यासाने भ्रामक ठरविला. २०१८ साली मिलर आणि सान्हुर्हो यांनी त्या अभ्यासाच्या मोजणीपद्धतीतच एक सूक्ष्म दोष असल्याचे दाखवून तो प्रश्न पुन्हा खुला केला.

निवडीच्या मैदानावर

आपल्याकडे या विचाराची खरी गरज कसोटी सामन्यांपेक्षा तालुक्याच्या मैदानावर अधिक आहे. समजा, कबड्डीच्या संघात एकच जागा शिल्लक आहे आणि दोन मुले चढाईसाठी उभी आहेत. एकाची चढाई दहापैकी पाच वेळा यशस्वी होते, दुसऱ्याची दहापैकी चार वेळा. निवडकर्त्यांना अर्थातच हे ठाऊक नाही. त्यांच्यापुढे आहेत फक्त चाचणीतील दहा-दहा चढाया. अशा चाचणीत दुसरा, म्हणजे कमी कुशल मुलगा पहिल्याच्या पुढे जाण्याची संभाव्यता सुमारे एकचतुर्थांश आहे. शिवाय शंभरातील सुमारे सोळा वेळा बरोबरी होईल. एकूण पाचपैकी दोन चाचण्यांत चांगला मुलगा चांगला म्हणून ओळखूच येणार नाही. प्रत्येकाच्या शंभर चढाया पाहिल्या, तर कमी कुशल मुलगा पुढे जाण्याची संभाव्यता शंभरात सुमारे सातवर येते. शंभर चढाया एका दिवसात पाहता येणार नाहीत हे उघड आहे. पण वर्षभराच्या सरावात त्या होतातच. प्रश्न त्यांची नोंद राहते की नाही एवढाच आहे. लांब उडीच्या नोंदीत सर्वोत्तम उडीचा आकडा तेवढा लिहून बाकीच्या उड्या सोडून देण्याची रीत याच कारणास्तव सदोष आहे. प्रत्येक उडी, तिची तारीख आणि त्या दिवशी एकूण किती उड्या झाल्या, एवढे लिहिण्यास साधी वही पुरते.

आणखी एक बाब निवडीत शिरते, ती जन्मतारखेची. १९८५ साली बार्न्स्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील आइस हॉकीच्या वरच्या श्रेणीतील खेळाडूंचे जन्ममहिने पाहिले. तेथे वयोगट १ जानेवारीला बदलतो. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले खेळाडू शेवटच्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक निघाले. कारण उघड आहे. एकाच गटात जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो; दहाव्या-बाराव्या वर्षी तेवढ्या अंतराने उंची, वजन व बळ यांत मोठा फरक पडतो. तो मोठेपणा कौशल्य म्हणून वाचला जातो, त्याची निवड होते, त्याला अधिक सराव मिळतो आणि पुढे तो खरोखरच अधिक कुशल होतो. आपल्या शालेय स्पर्धांचेही १४, १७ व १९ वर्षांखालील असे गट आहेत, तेव्हा हाच प्रकार येथेही होत असेल का, हे एखाद्या जिल्ह्यातील निवड झालेल्या मुलांचे जन्ममहिने मोजून सहज पाहता येईल.

त्यात एक अडचण मात्र महाराष्ट्राच्या खास परिचयाची आहे. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजींनी १ जून लिहावी, अशी प्रथा दीर्घकाळ चालत आली आणि त्यामुळे जुन्या दाखल्यांत जून महिन्यात जन्मलेल्यांची अक्षरशः गर्दी आढळते. जुन्या खेळाडूंचा असा अभ्यास शाळेच्या दाखल्यांवरून केल्यास निष्कर्ष फसवा निघेल. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीतील तारीखच घ्यावी लागेल.