सूक्ष्म कणांचा कारागीर

ताप आला की आपण गोळी घेतो. ती पोटात विरघळते आणि औषध, म्हणजे घरी आपण जिला दवा म्हणतो ती, रक्ताबरोबर सगळ्या शरीरात फिरते. तापासाठी हे चालते. पण कर्करोगाचे औषध फार कडक असते. ते रोगी पेशींबरोबर चांगल्या पेशींनाही मारते; म्हणून रोग्याचे केस गळतात, त्याला उलट्या होतात. औषध हवे तिथेच आणि हवे तेवढेच पोहोचले तर?

रॉबर्ट लँगर या प्रश्नामागे लागले. त्यांचा जन्म 1948 साली अमेरिकेतील ऑल्बनी शहरात झाला. ते डॉक्टर नव्हेत, रसायन अभियंता आहेत. 1974 साली त्यांचे शिक्षण संपले, तेव्हा तेल कंपन्या भरपूर पगार देत होत्या. त्या नोकऱ्या सोडून ते बोस्टनमधील मुलांच्या इस्पितळात शस्त्रवैद्य ज्युडा फोकमन यांच्याकडे काम करू लागले. इस्पितळात अभियंता कशाला, असे कोणालाही वाटेल!

मोठे रेणू प्लॅस्टिकसारख्या पदार्थातून पाझरू शकत नाहीत, असे त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ मानत. लँगर यांचे दोनशेहून अधिक प्रयत्न फसले. शेवटी त्यांनी त्या पदार्थात वळणावळणाच्या बारीक वाटा तयार केल्या. अरुंद गल्लीतून गर्दी सावकाश सरकते ना, तसे रेणू हळूहळू बाहेर येऊ लागले. 1976 साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. तरीही संशोधनाच्या पैशासाठी केलेले त्यांचे पहिले नऊ अर्ज नामंजूर झाले. मेंदूतील गाठ काढल्यावर त्या जागी ठेवायच्या औषधी चकत्यांना मान्यता मिळाली ती थेट 1996 साली.

मग लहान कणांचे काम. केसाच्या जाडीत असे सुमारे हजार कण एका ओळीत मावतील. पण ते रक्तात जाताच यकृतातील पहारेकरी पेशी त्यांना परके समजून काही मिनिटांत गिळत. 1994 साली लँगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कणांवर पाणी धरून ठेवणाऱ्या लांब साखळ्यांचे पांघरूण घातले. पहारेकरी फसले! कण रक्तात बराच वेळ फिरत राहिले.

2020 साली कोरोनाच्या काही लसी चरबीच्या अशाच सूक्ष्म कणांत भरून आल्या. त्यांतील एमआरएनए हा रेणू इतका नाजूक, की उघडा टोचला तर लगेच मोडतो. कण त्याला सांभाळून पेशीत नेतो. अशी लस बनवणाऱ्या मॉडर्ना कंपनीच्या संस्थापकांपैकी लँगर एक. मात्र हे कण एकट्या त्यांचे नव्हेत. अनेक शास्त्रज्ञ त्यासाठी वर्षानुवर्षे झटले.

कर्करोगाच्या गाठीपर्यंत मात्र आजही फार थोडे कण पोहोचतात. बरेचसे यकृतातच अडकतात.