उंची कमी आहे, पहिली मोटारसायकल कोणती घेऊ?

प्रश्न : माझं वय २३, उंची ४ फूट ११ इंच. कॉलेजपासून अ‍ॅक्टिव्हा चालवते. आता नोकरीसाठी रोज सातारा-कोरेगाव ये-जा करावी लागेल, म्हणून गिअरची गाडी घ्यायची आहे. घरचे म्हणतात, तुझे पाय टेकणार नाहीत. एका ओळखीच्या मेकॅनिकचा सल्ला आहे की सर्वांत बुटकी गाडी घे. कोणती घेऊ? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुम्ही मोटारसायकल जरूर घ्या. पाय टेकण्याची काळजी रास्त आहे, पण नुसत्या सीटच्या उंचीवर गाडी निवडलीत तर फसाल. त्या आकड्याशेजारी वजनाचा आकडा ठेवून पाहा.

तुमच्या अ‍ॅक्टिव्हा ६जीची सीट ७६४ मिलिमीटर उंच आणि वजन सुमारे १०६ किलो. मीटिओर ३५० या मोटारसायकलची सीटही जवळपास तितकीच, ७६५ मिलिमीटर. पण तिचं वजन १९१ किलो. दोन्ही पाय व्यवस्थित टेकलेले असतानाही ती एका बाजूला झुकली, की नवख्या माणसाला सावरता येत नाही. आता स्प्लेंडर प्लस बघा. सीट ७८५, म्हणजे अ‍ॅक्टिव्हाहून जेमतेम दोन सेंटिमीटर जास्त, आणि वजन ११२ किलो. हंटर ३५० तिच्याहून फक्त ५ मिलिमीटर उंच, पण भरते १८१ किलो. कागदावर सारख्या दिसणाऱ्या या दोन गाड्या गर्दीच्या चौकात तुम्हाला अगदी वेगळं वागवतील.

कंपनी सीटची उंची सांगते, रुंदी सांगत नाही. सीट पुढे टाकीजवळ निमुळती असेल तर पाय सरळ खाली जातात. रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तेवढाच पाय आखूड पडतो. शिवाय तुम्ही बसलात की शॉकअ‍ॅब्सॉर्बर थोडे दबतात, गाडी खाली येते. म्हणून रोजचे बूट घालून शोरूममध्ये जा, स्टँड काढून गाडीवर बसा आणि पाच मिनिटं तिथेच थांबा. दोन्ही टाचा टेकायला हव्यात हा हट्ट नको. दोन्ही पायांचे चवडे टेकले, किंवा सीटवर जरा डावीकडे सरकून डावं पाऊल पूर्ण टेकलं, तरी पुरे. थांबताना तसाही डावा पायच खाली येतो, उजवा मागच्या ब्रेकवर राहतो.

इथे आपल्या रस्त्यांची एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डाव्या पायाखालची जमीन किंचित खालीच असते. अगदी कडेला, गटाराजवळ थांबलात तर शोरूममध्ये टेकणारा पाय रस्त्यावर अधांतरी राहतो. कमी उंचीच्या नवख्या चालकांच्या गाड्या वेगात पडण्यापेक्षा अशा थांबण्याच्या क्षणी जास्त पडतात, असं माझं निरीक्षण आहे. थांबण्याआधी पाय कुठे पडणार ती जागा बघायची सवय लावा. खड्डा, खडी, ओली माती दिसली तर हातभर पुढे जाऊन थांबा.

गाडी लावतानाही विचार हवा. उताराकडे तोंड करून लावलीत तर ती मागे ओढून काढावी लागते, आणि सीटवर बसून चवड्यांनी ढकलणं तुम्हाला जमणार नाही. पुढचं चाक चढाकडे ठेवा. मागे घ्यायचीच असेल तर खाली उतरा, डाव्या बाजूला उभ्या राहून हँडल धरा आणि कमरेचा आधार देत ढकला.

मेकॅनिकनं सुचवलेली बुटकी गाडी बहुधा अ‍ॅव्हेंजर असावी. तिची सीट ७३७ मिलिमीटर, म्हणजे खरोखरच खाली. पण ती लांब आहे, पाय पुढे ठेवून बसावं लागतं, आणि आखूड हातांना वळताना हँडलचं पलीकडचं टोक दूर जातं. अरुंद गल्लीत ती वळवणं पहिल्या वर्षी जड जाईल. बसून पाहा, पण केवळ पाय टेकतात म्हणून घेऊ नका.

सीटची उंची कमी करून घेता येते. चांगला सीटवाला पुढच्या बाजूचा फोम कापून कडा निमुळत्या करून देतो. तेवढ्यानंही फरक पडतो. शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलून गाडी खाली आणायच्या फंदात मात्र पडू नका. पोट स्पीडब्रेकरला घासतं आणि वळणावर गाडीचा तोल बदलतो.

तुमचा परवाना विनागिअर दुचाकीचा असेल तर तो मोटारसायकलला चालत नाही. शिकाऊ परवाना काढा. तो मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. हे दिवस मोकळ्या मैदानात क्लच सोडणं, थांबणं आणि चढावर गाडी उचलणं यांत घालवा.

माझं मत विचाराल तर पहिली गाडी १०० ते १२५ सीसीची, सव्वाशे किलोच्या आतली घ्या. स्प्लेंडर, शाईन, रेडर या तिन्हींवर बसून पाहा आणि ज्या गाडीवर डावा पाय भरवशानं टेकेल तीच घ्या. रोजच्या जाण्या-येण्याला ती पुरून उरेल. साडेतीनशे सीसीची हौस असेल तर ती दोन वर्षांनी, हात बसल्यावर करा.