आकडा दडवू नकोस

नाशिक, १२ जुलै

चि. मुक्ता हिस,


काल फोनवर तू एका दमात सांगितलंस, "मामा, पांढऱ्या पेशी २८०० वर आल्यात, मी गोळी बंद करते." रिपोर्टवर आकडा ठळक छापलेला दिसला की पोटात कसा गोळा येतो, ते मला माहीत आहे. मूत्रपिंड बदलल्यापासून तीच अ‍ॅझाथायोप्रिन मी घेतोय.

आधी तो कागद पुन्हा काढ. एकूण पेशींच्या खाली न्यूट्रोफिलची टक्केवारी असते. तुझी ६० आहे, म्हणजे २८०० पैकी १६८०. जंतूंशी पहिली झुंज याच पेशी देतात. त्या १५०० च्या खाली गेल्या तर कमी, १००० च्या खाली काळजीच्या आणि ५०० च्या खाली गेल्या तर धोक्याच्या. तू अजून पहिल्या रेषेच्या वर आहेस. पण गेल्या महिन्यात एकूण ४६०० होत्या, तेव्हा उतार आहे आणि तो आजच डॉक्टरांच्या कानावर घालायला हवा.

भराभर वाढणाऱ्या पेशींना ही गोळी आवर घालते. तुझ्या ल्युपसमध्ये अंगावरच उलटलेल्या पेशी त्यात आवरल्या जातात, आणि हाडांच्या पोकळीत तयार होणाऱ्या नव्या पेशींनाही त्याची झळ लागते. पण खुद्द ल्युपसमुळेही पांढऱ्या पेशी घटतात. दोष रोगाचा असेल आणि तू गोळी सोडलीस, तर रोग आणखी उसळेल. दोष गोळीचा असेल आणि तू ती तशीच रेटलीस, तर पेशी आणखी पडतील. हा निवाडा तू किंवा मी घरी बसून करायचा नाही. काहींच्या जनुकांतल्या फरकामुळे हे औषध शरीरात साचतं. आपल्याकडे त्यात एनयूडीटी-१५ या जनुकाचा वाटा मोठा असतो. ती तपासणी झाली आहे का, तेही विचार.

आता माझी चूक ऐक. पायाचा अंगठा सुजला म्हणून मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल लिहून दिली. आधीच्या गोळ्यांबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. या औषधाने अ‍ॅझाथायोप्रिनचा निचरा अडतो आणि तिचा जोर कितीतरी पटीने वाढतो. तीन आठवड्यांत पेशी १९०० वर आल्या आणि मला दवाखान्यात भरती व्हावं लागलं. तेव्हापासून खिशात एक छोटी वही असते. एका पानावर चालू गोळ्या, दुसऱ्यावर तारीखवार आकडे. दाताच्या डॉक्टरांकडे गेलो तरी ती आधी टेबलावर ठेवतो.

आजी गुळवेलीचा काढा पाठवणार आहे. तो नको. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते आणि तुझं औषध तिला आवरतं. शिवाय गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. आजीची समजूत मी काढतो. खजूर, बीट आवडीने खा, पण त्याने पांढऱ्या पेशी वाढत नाहीत. पेशी वर येईपर्यंत कच्ची मोडाची उसळ, गाडीवरची पाणीपुरी आणि बर्फ घातलेला उसाचा रस बंद. घरचा गरम वरणभात पुरे. सर्दी-खोकल्याचं माणूस घरात आलं तर अंतर ठेव. ते माणूस रागावलं तर रागावू दे.

प्रेडनिसोलोनही चालू आहे ना? तिच्यामुळे ताप दबतो आणि पेशींचा आकडा कधी कधी फुगूनही दिसतो. म्हणून तापमापीत आकडा कमी असला तरी थंडी वाजणं, घसा दुखणं, तोंडात फोड येणं यांतलं काहीही अंगावर काढू नकोस.

तापमापी आजच विकत आण आणि उशाशी ठेव. पारा १००.४ वर गेला की घरात पॅरासिटामोल शोधत बसू नकोस. रात्रीचे दोन वाजले असले तरी आधी दवाखान्यात फोन कर, मग मला.

तुझा,
मामा